बॉस आला की पार्टी आडवी: दरवेळी तेच का होतं आणि आम्ही काय बदललं

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये, म्हणजे पात्रं घेऊन फाशांवर खेळायच्या गोष्टीच्या खेळात, तीन कॅम्पेन (लांबलचक मोहिमा) खेळलो आणि तिन्हींचा शेवट सेम. गॉब्लिन, ऑर्क, भुतंखेतं सगळं व्यवस्थित मारत मारत वर जायचं आणि मोठा राक्षस समोर आला की दोन-तीन राउंडमध्ये (राउंड म्हणजे सगळ्यांची एकेक टर्न) अख्खी पार्टी, म्हणजे आमची टोळी, साफ. मग डीएमवर (डंजन मास्टर, गोष्ट आणि राक्षस चालवणारा) चिडायचं, फाशांना शिव्या घालायच्या, "अजून दोन लेव्हल पाहिजे होत्या यार" म्हणायचं आणि चहा टाकायला उठायचं. तिसऱ्या वेळी मात्र माझी सटकली, त्या रात्री बसून पूर्ण फाईट परत कागदावर मांडली, कोण कुठे उभं होतं, कोणी काय केलं, डॅमेज कुठून किती आला, आणि तेव्हा कळलं की लेव्हलचा यात फारसा संबंधच नाहीये. आम्ही त्याच्या अंतरावर लढत होतो. त्याला जिथून मारायला सोयीचं तिथे तो, आणि आम्हाला जिथून काहीच करता येत नाही तिथे आम्ही. बाकी सगळी दुखणी यातूनच निघतात.

खालचे आकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या एडिशनचे आहेत, २०१४ च्या नियमांचे. २०२४ ला नियम सुधारून आले, काही गोष्टी इकडच्या तिकडे झाल्या, पण आमचं टेबल अजून जुन्यावरच आहे आणि दुखणं तर तेच आहे.

आमची वाट कशी लागली

पार्टी ११ व्या लेव्हलची. फायटर (लढवय्या), पॅलाडिन (शपथ घेतलेला योद्धा), विझार्ड (जादूगार), क्लेरिक (पुजारी) आणि मी रोग. (रोग म्हणजे चोरटा हो. आईला एकदा "मी यात रोग आहे" सांगितलं तर ती म्हणाली, "यात कशाला, घरात पण आहेस.") समोर ॲडल्ट रेड ड्रॅगन, एसी (घाव लागायला फाशाने गाठायचा आकडा) १९, एचपी (जीव) २५६, उडायचा स्पीड ८० फूट. जागा म्हणजे डोंगराची उघडी सोंड, ना झाड ना भिंत. मॅप जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर काढलेला, आम्ही सगळे बुद्धिबळातली प्यादी, आणि ड्रॅगन म्हणून लिंबाच्या लोणच्याची बरणी.

इनिशिएटिव्हमध्ये (पाळी ठरवायचा फासा) विझार्ड पहिली. तिने उत्साहात फायटरवर हेस्ट (वेग वाढवणारा स्पेल, म्हणजे मंत्र) टाकला. फायटर आणि पॅलाडिन तलवारी काढून पुढे पळाले, पण बरणी हवेत १०० फुटांवर, त्यामुळे दोघं नुसतेच पुढे जाऊन वर बघत उभे. मग ड्रॅगनची टर्न. ४० फूट खाली आला, ६० फुटांवरून फायर ब्रेथ टाकला, उरलेले ४० फूट परत वर. त्या ब्रेथला डेक्स सेव्ह २१ चा लागतो (वीस बाजूंचा फासा आणि चपळाईचा बोनस मिळून २१ झाले तर मार निम्मा) आणि डॅमेज १८डी६, म्हणजे सहा बाजूंचे १८ फासे, सरासरी ६३. विझार्डचा डेक्स बोनस +२, म्हणजे १९ किंवा २० पडला तरच सेव्ह. पडले ७. तिचे एचपी ६८, राहिले ५.

आता खरी गंमत. मार बसला की कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे चालू स्पेलवरचं लक्ष, टिकतंय का बघायचं, आणि डीसी (गाठायचा आकडा) म्हणजे १० किंवा डॅमेजच्या निम्मं, जे जास्त असेल ते. ६३ चं निम्मं ३१. तिच्याकडे कॉन्स्टिट्यूशनचे (दणकटपणाचे) +२, म्हणजे २० पडले असते तरी २२. हेस्ट तुटला. आणि हेस्ट तुटला की ज्याच्यावर होता तो एक पूर्ण टर्न गारठतो, ना हलता येत ना काही करता येत. म्हणजे एका ब्रेथमध्ये विझार्ड मरणाच्या दारात आणि आमचा सगळ्यात दणकट गडी पुतळा होऊन उभा.

पुढच्या टर्नला ब्रेथ परत आला का ते बघायला डीएम डी६ टाकतो, ५ किंवा ६ आला की परत मिळतो. ६ आला. दोन ब्रेथ म्हणजे सरासरी १२६, आणि आमच्या फायटरचे, सगळ्यात जाड माणसाचे, एचपी १०३. चौघं एका ओळीत आडवे. मी एव्हेजनमुळे वाचलो, कारण रोगचा डेक्स सेव्ह निघाला की डॅमेज शून्य, आणि मग मी एकटा त्या डोंगरावर शॉर्टबो घेऊन. पुढचं काय सांगायचं.

एक गणित, जे फाईटच्या आधी करायचं असतं

एसी १९ ला आमचा फायटर +१ तलवारीने +१० टाकतो, म्हणजे ६० टक्के वेळा लागतं. टर्नला तीन घाव, ग्रेटस्वोर्डचा एक घाव सरासरी १३, म्हणजे टर्नला साधारण २३. बाकीचे पण कमीजास्त माणशी २० धरा. पाच जण म्हणजे राउंडला १००. २५६ एचपी म्हणजे फाईट तीन राउंडची! तीनच. ड्रॅगन काही अमर नाहीये, पाचही जणांचा हात त्याच्यापर्यंत पोचला तर तो चौथा राउंड बघत नाही.

पण तो हवेत राहिला तर? फायटरने लाँगबो काढला असं समजा. त्याचा डेक्स +१, म्हणजे अटॅक +५, १४ किंवा वर पडलं तर लागणार, आणि लागला तर डॅमेज साडेपाच. तीन बाण मिळून टर्नला ६ पण होत नाहीत. पॅलाडिनचं तेच. मग तीन राउंडची फाईट सात-आठ राउंडची होते आणि तेवढ्यात ड्रॅगनला अजून दोन ब्रेथ आरामात मिळतात. म्हणून "सगळ्यांनी धनुष्य बाळगा" हा जो सल्ला सगळे देतात तो बरोबर आहे पण अर्धा आहे. बाळगाच, लाँगबो ५० गोल्डला येतो आणि १५० फुटांपर्यंत नीट जातो, रिकाम्या हाताने वर बघण्यापेक्षा बरंच. पण तेवढ्याने फाईट जिंकत नाही, त्याला खाली आणावंच लागतं.

आणि ते रेडी ॲक्शन करून थांबणं, "तो खाली आला की मारतो", त्यात एक खड्डा आहे जो आम्हाला फार उशिरा दिसला. एक्स्ट्रा अटॅक (एका टर्नला एकापेक्षा जास्त घाव) फक्त स्वतःच्या टर्नला चालतो. रेडी करून दुसऱ्याच्या टर्नमध्ये मारलं तर एकच घाव मिळतो, तीन नाही. फायटरने रेडी करणं म्हणजे ताटातल्या तीन पोळ्यांतल्या दोन परत पाठवणं.

खाली कसा आणायचा

सगळ्यात सोपं म्हणजे जिथे वर जायला जागाच नाही तिथे लढायचं. गनिमी काव्याचे पोवाडे ऐकत मोठे झालेलो आम्ही, आणि टेबलवर मात्र उघड्या माळावर छाती काढून उभे राहतो, हे मला अजून कळलेलं नाही. गुहेचं छत बुटकं असेल तर ड्रॅगन कुठेही गेला तरी तलवारीच्या टप्प्याच्या फार वर जाऊ शकत नाही. हां, त्याच्या स्वतःच्या गुहेत लढलात तर लेअर ॲक्शन येतात, इनिशिएटिव्ह २० ला दर राउंडला काहीतरी नवीन, रेड ड्रॅगनच्या बाबतीत जमिनीतून लाव्हा उसळतो, डेक्स १५ चा सेव्ह आणि ६डी६. पण हिशोब करा ना, २१ चा डॅमेज एकदोघांना आणि त्याबदल्यात पाचही जणांचा हात पोचतोय. मी तो सौदा दर वेळी घेईन.

मोकळ्यावर सापडलाच तर अर्थबाइंड. दुसऱ्या लेव्हलचा स्पेल, ३०० फुटांवरून चालतो, स्ट्रेंग्थ सेव्ह चुकला की उडायचा स्पीड शून्य आणि तो राउंडला ६० फूट या वेगाने अलगद खाली येतो. पडल्याचा डॅमेज नाही मिळत, पण आपल्याला पाहिजे काय, तो जमिनीवर. आमच्या विझार्डकडे हा स्पेल पुस्तकात लिहिलेला होता आणि त्या दिवशी तयार केलेला नव्हता. त्यावर नंतर बरीच चर्चा झाली, इथे नको.

फ्लाय टाकून फायटरला वर पाठवायचा मोह होतो. आम्ही आधीच्या कॅम्पेनमध्ये केलंय. तो पण कॉन्सन्ट्रेशनचा स्पेल, विझार्डला मार बसला, स्पेल तुटला, आणि फायटर १०० फुटांवरून धाडकन खाली. १०डी६. ड्रॅगनला काही करावंच लागलं नाही.

घोळका

आम्ही का एकत्र उभे राहतो माहितीये? मॅपवर प्यादी ठेवताना सगळी एका कोपऱ्यात ठेवली जातात, दारातून आत आलो ना, म्हणून. आणि मग तिथून कोणी हलतच नाही.

एक काम करा, पुठ्ठ्याचा त्रिकोण कापून ठेवा. मॅपवर १ इंच म्हणजे ५ फूट असेल तर ६० फुटांच्या कोनासाठी उंची १२ इंच आणि पाया पण १२ इंच. कारण या गेममध्ये कोन जेवढा लांब जातो तेवढाच रुंद होतो. तोंडापासून ६० फुटांवर तो ६० फूट रुंद आणि २० फुटांवर फक्त २० फूट. हा पुठ्ठा मॅपवर एकदा फिरवून बघितला की डोक्यात लख्ख प्रकाश पडतो: लांब उभं राहणं म्हणजे सेफ नाही, लांब उभं राहिलात तर सगळे एकाच कोनात येता. उलट त्याच्या जवळ आणि दोन-तीन बाजूंना असलात तर त्याला एकाच बाजूवर ब्रेथ टाकता येतो, फार तर दोघं सापडतात. फक्त बाजूला फार चिकटू नका, शेपटी १५ फूट पोचते.

आता यात एक पेच आहे. पॅलाडिनचा ऑरा. ६ व्या लेव्हलपासून त्याच्या १० फुटांत जो असेल त्याला प्रत्येक सेव्हला पॅलाडिनचा करिष्मा बोनस मिळतो, आमच्याकडे तो +४ आहे. म्हणजे एकीकडे पांगा म्हणतोय आणि दुसरीकडे पॅलाडिनला चिकटा. आमचं उत्तर असं: ज्याचा सेव्ह सगळ्यात रडका त्याने पॅलाडिनबरोबर राहायचं, बाकीच्यांनी पांगायचं. विझार्डचं बघा. नुसती +२. ऑराचे ४ मिळाले की +६. कुठल्या तरी खांबाआड अर्धं अंग झाकलं तर हाफ कव्हर, डेक्स सेव्हला अजून +२. क्लेरिकने ब्लेस टाकला असेल तर एक डी४, सरासरी अडीच. म्हणजे २१ च्या सेव्हला जिथे दहातून एकदा निघत होता तिथे आता जवळपास दोनातून एकदा. कुठलीही मोठी वस्तू नाही, कुठलाही मोठा स्पेल नाही, नुसतं कुठे उभं राहायचं ते.

त्यावर फायर रेझिस्टन्सचं पोशन प्यायलं की डॅमेज निम्मा. ६३ चे ३१. आणि कॉन्सन्ट्रेशनचा डीसी ३१ वरून १५ वर येतो, ही गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. पोशन म्हणजे नुसते एचपी वाचवणं नाही, विझार्डचा चालू स्पेल वाचवणं. एक तास टिकतं, फाईटच्या आधी प्या. आमच्याकडे पहिल्या फाईटच्या वेळी दोन होती, बॅगेत. तशीच राहिली. "नंतर लागतील" म्हणून ठेवलेली पोशनं मेलेल्या कॅरॅक्टरच्या खिशात सापडतात हे मी किती कॅम्पेन बघतोय.

घाबरणं

फ्राइटफुल प्रेझेन्स. १२० फुटांतल्या सगळ्यांना विस्डम सेव्ह १९ चा, चुकला की ड्रॅगनच्या जवळ जाता येत नाही आणि तो दिसतोय तोवर अटॅक डिसॲडव्हांटेजने (दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा). तलवारवाल्याला हे झालं की तो फाईटमधून बादच, ब्रेथपेक्षा मला याची जास्त भीती वाटते. पॅलाडिन १० व्या लेव्हलचा किंवा त्याच्या वर असेल तर त्याच्या १० फुटांत कोणी घाबरत नाही. नाहीतर क्लेरिकचा हीरोज फीस्ट. ६ व्या लेव्हलचा स्पेल, म्हणजे ११ व्या लेव्हलला क्लेरिककडे एकच स्लॉट (तो टाकायची दिवसातली संधी), आणि १००० गोल्डचं रत्नजडित भांडं लागतं जे त्यात संपतं. खाल्लं की २४ तास घाबरणं नाही, विष नाही, विस्डम सेव्ह ॲडव्हांटेजने (दोन फाशांतला जास्त आकडा), आणि एचपीत २डी१० ची भर. ट्रिक अशी की हा आदल्या रात्री टाकायचा. पंगत बसवा, तासभर जेवा, झोपा. सकाळी लाँग रेस्ट झाल्यामुळे क्लेरिकचा स्लॉट परत आलेला आणि जेवणाचा असर अजून चालूच. पैसे जातात, जाऊ देत, ड्रॅगनकडे त्याहून जास्त आहेत.

"माझा स्पेल परत वाया गेला"

हे विझार्डचं ठरलेलं रडगाणं, आणि ते खरं पण आहे. ड्रॅगनकडे लेजेंडरी रेझिस्टन्स असतो, दिवसातून तीन वेळा, सेव्ह चुकला तरी "नाही, निघाला" म्हणायचं. तुम्ही सगळ्यात मोठा स्पेल आधी टाकला की तो पहिल्यांदा तिथेच वापरला जातो. यावर दोन उपाय आहेत आणि अर्धे लोक दोन्ही अर्धे अर्धे करतात, ते करू नका.

एक म्हणजे स्वस्तातल्या स्पेलने ते तीन उडवायचे. डीएमला सोडून देता येणार नाही असा पण तुम्हाला फुकटात पडणारा स्पेल शोधा. टाशाज हिडिअस लाफ्टर, पहिल्या लेव्हलचा. सेव्ह चुकला तर ड्रॅगन हसत हसत लोळतो, काही करू शकत नाही, आणि हवेत असेल तर सरळ खाली पडतो. कुठला डीएम हे होऊ देईल? त्याला रेझिस्टन्स जाळावाच लागतो. अडचण एवढीच की रेंज ३० फूट आहे, म्हणजे विझार्डला जवळ जावं लागतं. हे काम तिच्या एकटीवर टाकू नका, इतर ज्यांच्याकडे सेव्हवाले स्पेल आहेत त्यांनीही टाकावेत.

दुसरं म्हणजे सेव्हच नसलेल्या गोष्टींवर खेळायचं. हेस्ट, ब्लेस स्वतःच्या लोकांवर, मॅजिक मिसाइल, वॉल ऑफ फोर्स. यात रेझिस्टन्सचा प्रश्नच येत नाही.

आणि सेव्ह टाकायचाच असेल तर कुठला ते बघून टाका. ॲडल्ट रेडचा कॉन्स्टिट्यूशन +१३ आहे, त्याच्यावर ब्लाइंडनेस टाकणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. करिष्मा +११, म्हणजे बॅनिशमेंट पण विसरा. विस्डम +७, डेक्स +६. पण इंटेलिजन्स? नुसता +३. एवढा हुशार प्राणी, पण त्या सेव्हला प्रोफिशियन्सीच (सरावाचा बोनस) नाही. सिनॅप्टिक स्टॅटिक किंवा फँटॅझमल फोर्स असे इंटेलिजन्सवर जाणारे स्पेल मोजकेच आहेत, म्हणून कोणाच्या डोक्यात येत नाहीत.

क्लेरिक फक्त मलमपट्टी करतोय का?

तर थांबवा त्याला. ड्रॅगन जमिनीवर आला आणि सगळे घाव लागले तर एक चावा, दोन पंजे, वर लेजेंडरी ॲक्शनचे (इतरांच्या टर्नच्या शेवटी मिळणारे) तीन शेपटीचे फटके, मिळून राउंडला १०० च्या वर जातो. त्याच्यासमोर पहिल्या लेव्हलचा क्युअर वूंड्स १डी८+५ परत देतो. फुटक्या रांजणात तांब्याने पाणी. पाचव्या एडिशनमध्ये १ एचपीवाला माणूस पूर्ण एचपीवाल्याएवढाच जोरात मारतो, म्हणून जो पडलाय त्यालाच उठवायचं, तेही हीलिंग वर्डने, ६० फुटांवरून, बोनस ॲक्शनमध्ये (टर्नमधली वरची छोटी कृती). मग ॲक्शन मोकळी राहते मारायला. ऐकायला निर्दयी वाटतं, आमच्या क्लेरिकला तर पटलंच नव्हतं, म्हणे "तो मरतोय आणि मी गदा फिरवू?" हो. फिरव. फक्त ड्रॅगन पडलेल्याला पण चावतोय असं दिसलं तर नियम सोडा आणि लगेच उठवा, कारण पडलेल्याला जवळून लागलेला प्रत्येक घाव दोन डेथ सेव्ह (मरण टाळायचे फासे) खातो.

मारला, तरी परत उठतोय

हे दुखणं वेगळं आहे, इथे अंतर वगैरे काही नाही, इथे माहिती नसते म्हणून हरतो.

ट्रोलला टर्नच्या सुरुवातीला १० एचपी परत येतात, शून्य झाला तरी. आग किंवा ॲसिड लागलं की पुढच्या टर्नपुरतं ते बंद, आणि तेव्हा शून्यावर असेल तरच तो मरतो. लोक यासाठी फायरबॉल जपून ठेवतात. अरे, पेटती मशाल! नियमात मशालीने मारलं तर १ फायर डॅमेज आहे. एक. तेवढं पुरतं. मशाल एका कॉपरला मिळते.

हायड्राचं (अनेक तोंडांचा राक्षसी साप) डोकं तोडलं की टर्नच्या शेवटी एकाच्या जागी दोन, मधल्या वेळात आग लागली नसेल तर. परत मशाल.

व्हॅम्पायरचे २० येतात आणि ते रेडियंट डॅमेज किंवा होली वॉटरने थांबतात, एक बाटली २५ गोल्ड. पण तो शून्यावर गेला की धुकं होऊन निसटतो आणि दोन तासांत आपल्या शवपेटीत पोचतो. म्हणून आधी पेटी शोधा, मग व्हॅम्पायर. लिचचं (मरूनही जिवंत असलेला जादूगार) त्याहून वाईट, फिलॅक्टरी (त्याचा आत्मा ठेवलेली डबी) शाबूत असेल तर १डी१० दिवसांत नवीन शरीर घेऊन हजर. दोन-तीन सेशन त्या डबीच्या मागे गेले तरी चालतील, लिचला आधी मारण्यात काही अर्थ नाही.

बिहोल्डर, कारण हा प्रश्न नेहमी येतो

बिहोल्डर म्हणजे डोळ्यांनी भरलेला तरंगता गोळा. मोठा डोळा समोर १५० फुटांचा अँटीमॅजिक (जादू बंद पाडणारा) कोन टाकतो आणि बारक्या डोळ्यांतून किरण येतात. सगळे त्या कोनातून बाहेर पळतात, आणि चुकतात. ते किरण पण जादूचेच आहेत, कोनात चालत नाहीत! म्हणून तलवारवाल्यांनी कोनातच उभं राहायचं, स्पेलवाल्यांनी बाहेर. आणि किरण टाकायला त्याला माणूस दिसावा लागतो, म्हणून पहिल्या लेव्हलचा फॉग क्लाउड. धुकं हटवायला त्याने कोन तिकडे फिरवला की धुकं जातं, पण किरण पण जातात. त्याला दोन्हीपैकी एक निवडायला लावायचं, बास. वर तो टर्नला २० फूटच उडतो, तुम्ही ३० चालता.

पळायचं ठरलं तर

उघड्यावर पळू नका, तो ८० तुम्ही ३०. आत जायच्या आधी ५ फूट रुंदीची एखादी वाट बघून ठेवा. ह्यूज साइझचा (या ड्रॅगनएवढा) प्राणी अंग चोरून एक साइझ लहान जागेत घुसतो, म्हणजे १० फुटी बोळात येईल, ५ फुटी बोळात येणार नाही. त्याची आग मात्र येईल, म्हणून वळण असलेला बोळ. आणि कधी पळायचं ते आधी ठरवा, फाईट चालू असताना पाच जणांचं एकमत झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. आमचा नियम: दोन जण एकाच वेळी शून्यावर, तर बाकीचे त्यांना उचलून निघणार.

दुसऱ्या वेळी

डीएमने नवीन पार्टी करायला लावली, तेच क्लास, तीच लेव्हल, तोच ड्रॅगन. या वेळी गुहेत गेलो. मी इनव्हिजिबल होऊन पुढे जायचा प्लॅन काढला होता, तो बारगळला, कारण त्याला ६० फुटांत ब्लाइंडसाइट (न बघताही कळणं) असते आणि पॅसिव्ह परसेप्शन (आपोआप चाहूल लागणं) २३. म्हणजे झोपलेला गाठू वगैरे विसरा, तो उठून बसलेलाच होता. पण आदल्या रात्री पंगत झालेली, पोशनं पोटात, आणि दारातून आत आल्या आल्या आम्ही तीन दिशांना फुटलो. पहिला ब्रेथ विझार्ड आणि पॅलाडिनवर. विझार्डचा सेव्ह खांबाच्या त्या +२ मुळे बरोब्बर २१ झाला, सेव्हने निम्मं, पोशनने परत निम्मं, बसले १५. कॉन्सन्ट्रेशन डीसी १०, पडले १२. हेस्ट टिकला. फायटर त्या टर्नला बरणीपर्यंत पोचला आणि टेबलवर जो आरडाओरडा झाला त्यावर खालच्या मजल्यावरचे काका वर आले.

चौथ्या राउंडला त्याचे ३१ एचपी उरले होते. आणि तो उठला आणि आमच्या डोक्यावरून दाराबाहेर निघून गेला. रेड ड्रॅगन मूर्ख नसतो, मरेपर्यंत लढायचं त्याच्यावर काही बंधन नाही, हे आमच्या कोणाच्या डोक्यातच नव्हतं, दारात कोणी थांबलंच नव्हतं. माझा शेवटचा बाण एकाने हुकला.

खजिना आमच्याकडे आहे. तीन रविवार झाले, डीएम त्या ड्रॅगनचं नावही काढत नाहीये, आणि आम्ही रात्रीच्या पहाऱ्याला आता दोघं दोघं बसतोय.